चिकन सेंटरमधलं पिसं काढायचं गरम पाणी कधी बदलावं?

विटेकर: आमचं विट्यात छोटं चिकन सेंटर आहे. रविवारी गर्दीत एकाच पातेल्यात कोंबडीमागून कोंबडी बुडवतो. दुपारपर्यंत पाणी गढूळ, वर विष्ठा तरंगते. थोरला भाऊ म्हणतो, पाणी कढत आहे, जंतू मरतातच. मला पटत नाही. लोक हे पोराबाळांना खाऊ घालतात.

मिरजवाला: दादा, तुमचं बरोबर आहे. उकळत्या पाण्यात कातडं शिजून फाटतं, म्हणून आपण ते ५० ते ६० अंशांच्या आसपास ठेवतो. तेवढ्यात साल्मोनेला, म्हणजे जुलाब-उलट्या लावणारा जंतू, सगळा मरत नाही, उलट एकीची घाण दुसरीला लागते. मी पाणी गढूळ दिसलं की ओततो, गिऱ्हाईक थांबलं तरी बेहत्तर.

पण खरा धोका पोट फाडताना. आतडं फुटलं की कॅम्पिलोबॅक्टर, हा आतड्यातला तसाच दुसरा जंतू, थेट मांसावर. म्हणून कापायच्या आधी ८ ते १२ तास खाद्य बंद, प्यायचं पाणी मात्र चालू. सुरीचं टोक आत खुपसू नका, कातडीपुरतंच कापा आणि आतडी हाताने अख्खी ओढून काढा. त्याच हाताने पैसे घेऊ नका, हे तर कळकळीने सांगतो.

तासगाव: पिसं काढायच्या मशीनची रबरी बोटंही बघा. भेगा पडल्या की घाण आत बसते, घासून निघत नाही. बदलाच.

विटेकर: भाऊ म्हणतो, गिऱ्हाईक घरी धुतातच.

मिरजवाला: नळाखाली धुतलं की शिंतोडे ओट्यावर, कापलेल्या काकडीवर. जंतू मरतात ते शिजवल्यानेच, आतपर्यंत ७४ अंश.