नाकाबंदी, झडती आणि आपले हक्क : तुमचे अनुभव सांगा

रंकाळ्याकाठची :
काल रात्री लेक साडेअकराला आला. "कावळा नाक्यावर नाकाबंदी होती, मोबाईलवर डिजीलॉकरमधले कागद दाखवले, सोडलं." संपला विषय, बसला जेवायला. मला मात्र २००९ आठवलं. मी अन् आई स्कूटीवर, पायाशी डंकपावरून, म्हणजे मिरची कुटायच्या गिरणीवरून, आणलेली पाच किलो चटणी, आपलं लाल तिखट. हवालदारांनी आधी किल्ली काढून घेतली, मग पिशवी उघडा म्हणाले. आई म्हणतेय, "साहेब, चटणी हाय ओ." त्यांनी थेट कोपरापर्यंत हात घातला! पुढं दहा मिनिटं ते शिंकतायत अन् आई त्यांना बाटलीतलं पाणी देतेय. आज हसू येतं, तेव्हा पाय लटपटत होते. काय विचारायचं हेच ठाऊक नव्हतं.

तांबडापांढरा :
कोपरापर्यंत! नाद खुळा. मी आरसीचा, म्हणजे गाडीच्या नोंदणीचा, गॅलरीतला फोटो दाखवला, पावती फाडली. चूक माझीच, डिजीलॉकर नाहीतर एमपरिवहन या सरकारी ॲपमधलंच चालतं. दसरा चौकात उभा राहून ॲप उतरवतोय, रेंज नाही, मागं बायको "मिसळ गार झाली" म्हणून सुरू.

करवीरची वकीलीण :
कोर्टातून लिहितेय, कोल्हापुरात हायकोर्टाचं सर्किट बेंच आल्यापासून चहालाही सवड नाही. लायसन मागायचा अधिकार गणवेशातल्या पोलिसाला आहे, कलम १३०, तिथं वाद घालू नका. किल्ली ओढून काढा असं मोटार वाहन कायद्यात कुठंच नाही. कागदच नसतील तर गाडी अडकवून ठेवता येते, कलम २०७, ते वेगळं. बाईची अंगझडती बाईनेच घ्यायची. सूर्यास्तानंतर बाईला अटक फक्त अपवाद म्हणून, तीही महिला अधिकाऱ्यानं, लेखी अहवाल देऊन मॅजिस्ट्रेटची परवानगी आधी घेऊन. पूर्वी सीआरपीसीत (फौजदारी प्रक्रिया संहिता) होतं, १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी बीएनएसएस (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता), कलम ४३. पिशवीचं जरा वेग... पुकारा झाला, पळते

बिंदू चौक :
ताई डंकप कुठला? किलोला काय घेतात? आमच्या गल्लीतला बंद झाला

तालमीतला :
वडील ७२. शेजारच्या चोरीत साक्षीदार, "चौकीत या" म्हणून फोन. साठीपुढच्या माणसाचा जबाब घरी येऊन घ्यायचा असतो ना साहेब, एवढंच विचारलं. दुसऱ्या दिवशी आले की घरी! वडिलांनी चोरी सोडून खासबागेतल्या कुस्त्या सांगितल्या, दीड तास. शेवटी जमादारच म्हणाले, "काका, आता सही करा की."

नाव नको :
भावाला रात्री उचललं, घरी कुणी कळवलंच नाही. आई अन् मी तीन ठिकाणी विचारत फिरलो, पहाटे कळलं. अटकेचं कारण सांगायचं, घरच्यांना कळवायचं, २४ तासांत मॅजिस्ट्रेटपुढं न्यायचं, हे सगळं नंतर वाचलं. अटकेचे नियम घालून देणारा सुप्रीम कोर्टाचा डी. के. बसू निकाल १९९६ चा. आमची रात्र २०१४ ची.

रंकाळ्याकाठची :
काटा आला. भाऊ बरा आहे ना आता?

नाव नको :
व्हय, दुकान टाकलंय. रात्री दारात गाडी थांबली की अजून उठून बसतो.

खाकीची बायको :
आमचे हे खात्यातलेच. विसर्जनाला २५ तास उभे होते, घरी आले ते बादलीत पाय सोडून बसल्याबसल्या झोपले. सगळे सारखे नसतात हो. किल्लीचं विचारलं तर म्हणाले, "पळतात गं!"

रंकाळ्याकाठची :
पळणार कुठं वहिनी, पायात पाच किलो चटणी!
बिंदू चौक, पत्ता व्यनि (खाजगी निरोप) केलाय. मिरच्या देठं काढूनच न्या, नाहीतर तो परत पाठवतो.