भट्टीपुढच्या माणसांची नाडी मोजायची तर कशी?

शिफ्टवाला, जालना
सळईच्या मिलमध्ये शिफ्ट सुपरवायझर आहे. मागच्या मे महिन्यात दुपारी तीनच्या सुमारास भट्टीपुढचा एक पोरगा उभ्या उभ्या खाली बसला. बिहारहून येऊन चारच दिवस झालेले. अंग तव्यासारखं तापलेलं, नाव विचारलं तर भलतंच सांगत होता. अंगावर बादल्या ओतल्या, पंखा लावला, मग दवाखान्यात नेलं. वाचला. पण अर्ध्या तासापूर्वीच मी त्याला "बरा आहेस ना?" विचारलं होतं आणि तो हसून "हाँ साब" म्हणाला होता. ते हसणं अजून डोळ्यापुढून जात नाही.

आता मालक सगळ्यांना नाडी दाखवणारी मनगटी घड्याळं द्यायला तयार आहेत. दोन आणून बघितली. चिमट्यानं लाल बिलेट (तापलेला लोखंडी ठोकळा) ओढताना आकडा कधी ७८, कधी १६०. कुणाला अनुभव आहे का? किती आकड्याला माणूस बाजूला काढायचा?

वाळूजची सिस्टर
दादा, आधी पाणी ओतून मग गाडी काढलीत, हे अगदी बरोबर केलंत.

मनगट घामानं ओलं आणि मूठ आवळलेली असली की घड्याळाचा सेन्सर चुकतो. छातीला बांधायचा नाडी मोजणारा पट्टा त्याहून भरवशाचा. पण त्याच्याही आधी एक स्टूल आणि सेकंदकाट्याचं घड्याळ घ्या. विश्रांतीला माणूस बसला की लगेच ३० सेकंद नाडी मोजा, दुप्पट करा. ११० च्या वर आली तर पुढची कामाची पाळी (म्हणजे पुढच्या विश्रांतीपर्यंतचा कामाचा वेळ) एक तृतीयांशानं कमी करा, विश्रांती तेवढीच ठेवा. पट्टा लावलात तर १८० मधून वय वजा करा. चाळिशीच्या माणसाला १४०. त्याच्या वर नाडी काही मिनिटं टिकून राहिली की काम थांबवायचं. बीपीच्या काही गोळ्यांनी नाडी मुळातच कमी राहते, त्यांना हा हिशोब लागू नाही, म्हणून गोळ्या विचारून घ्या.

तुमच्या पोराचं खरं दुखणं मात्र ते चार दिवस. नव्या माणसाला पहिल्या दिवशी धगीत २० टक्केच वेळ उभं करायचं, मग रोज २० टक्के वाढवायचं.

भट्टीवर २२ वर्षं
साहेब, माठ गेटापाशी अन् माणूस भट्टीपाशी, मग पाणी प्यायला कोण जाईन? पंधरा-वीस मिनिटाला पेलाभर पाणी हातात द्या. एक माणूस त्याच कामाला ठेवा.

धारूरची लेक
माझे आई-वडील ऊसतोडीला जातात. डोक्यावर मोळी घेऊन आई फळीवरून ट्रकवर चढते तेव्हा तिच्या गळ्याची शीर उडताना मला खालून दिसते. पण तिला बसा कोण म्हणणार? काम टनावर, आगाऊ घेतलेली उचल अंगावर, एक दिवस पडून राहिली तर खाडा कापला जातो. म्हणून दुखलं तरी ती सांगत नाही. तुमचा पोरगा हसला ते त्याच्यासाठीच, दादा. घड्याळातला आकडा ठेकेदाराच्या मोबाइलवर जाणार असेल तर पुढच्या महिन्यात "हा कमजोर आहे" म्हणून घरी पाठवतील. बसलेल्या वेळाची मजुरी मिळणार का, हे आधी ठरवा. नाहीतर माणसं पट्टा सैल बांधतील.

शिफ्टवाला, जालना
ताई, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

सोमवारपासून स्टूल ठेवलंय. काल एका जुन्या माणसाची नाडी १२४ भरली. चेहऱ्यावर काही नव्हतं, मी त्याला कधीच थांबवलं नसतं. बसवून ठेवला, पाणी दिलं, पुढची पाळी ३० ची २० मिनिटं केली. त्यानंतर १०२. पाण्याची टाकीही भट्टीजवळ आणली.

बसलेला वेळ हजेरीत धरायचं मालकांनी तोंडी कबूल केलंय. ठेकेदार लिहून द्यायला तयार नाही, शनिवारी पुन्हा बसतोय त्याच्याशी. तोवर नाडीची वही माझ्या कपाटात, कुलपात आहे.