एका कानाने अचानक ऐकू येईना, मळच असेल का?

देवगडची_पोर: बाबांना (वय ६१, शुगर आहे) परवा सकाळी उठल्यापासून डाव्या कानाने काहीच ऐकू येत नाहीये, दुखत नाही पण दडा बसलाय आणि आत सारखा कुंईं आवाज. इथल्या डॉक्टरांनी कानात न बघताच मळ म्हणून ड्रॉप दिले, आठ दिवसांनी या म्हणाले. नेटवर वाचलं की आतल्या कानातल्या पेशींचं सिग्नलिंग बिघडतं आणि त्यावर स्टेरॉइड देतात. दुखतच नाही तर स्टेरॉइड कशाला? बाबांचं एकच, आंबा उतरवून होऊदे मग बघू.

खाडीपल्याड: आंबा -हाऊदे बाजूला!! तोंड मिटून म्म्म करायला सांगा. बंद कानात जास्त घुमलं तर मळ वगैरे, चांगल्या कानात घुमलं तर आतल्या कानाचं दुखणं. हा नुसता अंदाज हां, खरं ऑडिओमेट्रीतच (मशीनवर ऐकण्याची तपासणी) कळतं.

कानसेन: आतल्या कानात आवाज टिपणाऱ्या केसपेशी असतात, एका कानात साधारण १५ हजार. आवाजाने त्यांचे केस वाकले की पोटॅशियम आत शिरतं, मग कॅल्शियम, मग पेशी ग्लुटामेट सोडते आणि नसेला निरोप जातो. त्या पोटॅशियमचा पंप म्हणजे शेजारची स्ट्राया व्हॅस्क्युलॅरिस, तिच्यामुळे तिथल्या द्रवात सुमारे ८० मिलिव्होल्ट टिकून असतात. पंप बसला तर केसपेशी जिवंत असूनही ऐकू येणार नाही. बहुतेकांत कारण सापडतच नाही, व्हायरस, रक्तपुरवठा असे संशय आहेत. हार्वर्डच्या सौमिल मर्चंट यांनी २००५ साली मांडलं की पेशींमधली एनएफ-कप्पा-बी ही स्ट्रेसची यंत्रणा भलतीच चालू होत असावी. स्टेरॉइड ती दाबतात, आणि उंदरांवरच्या प्रयोगांत त्यांनी स्ट्रायाचं कामही सुधारलेलं दिसलंय. पण दोन आठवड्यांच्या आत सुरू केलेले बरे, मेलेली केसपेशी माणसात परत येत नाही. काहींना आपोआपही ऐकू यायला लागतं, पण त्या भरवशावर बसू नका. स्टेरॉइडच्या गोळ्यांनी शुगर वाढते म्हणून पडद्यातून कानात इंजेक्शन देण्याचाही पर्याय असतो, तो विचारा. नसेवर गाठ नाही ना, यासाठी नंतर एमआरआय सांगतील.

देवगडची_पोर: म्म्म केलं, उजव्या कानात घुमतंय म्हणाले 😟 उद्या कणकवलीला नेते. बागेत काकांना पाठवलंय.

खाडीपल्याड: निघायच्या आधी फोन करून ऑडिओमेट्री उद्याच होईल का विचारा, नाहीतर फुकट हेलपाटा. शुगरच्या गोळ्यांची चिठ्ठी सोबत न्या.