'रेन्ट-सीकिंग'ला मराठीत काय म्हणावे? 'खंड' चालेल का?

लेखणी
नमस्कार. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला अर्थशास्त्र घेतलेल्या मुलांसाठी मराठीत टिपणे करते आहे. सीमान्त उपयोगिता, मागणीची लवचिकता, अल्पाधिकार, चलनवाढ इथपर्यंत अडचण आली नाही, शब्द रुळलेले आहेत. अडले ते 'रेन्ट-सीकिंग'पाशी.

कल्पना थोडक्यात अशी. सरकारने एखाद्या मालाच्या आयातीवर बंधन घातले आणि मोजक्याच लोकांना परवाने दिले, तर परवाना हाच पैसा होतो. बाहेरून शंभराला आलेली वस्तू इथे दोनशेला जाते. वरचे शंभर काही बनवून किंवा राबून मिळालेले नसतात, परवाना हातात आहे म्हणून मिळतात. मग तो मिळवण्यासाठी लोक वेळ, पैसा, वशिला खर्ची घालतात. कारखान्याच्या क्षमतेप्रमाणे परवाने वाटले, तर गरज नसताना कारखाना मोठा बांधतात. देशाच्या दृष्टीने हा सगळा खर्च वाया. अर्थशास्त्रज्ञ गॉर्डन टलक यांनी १९६७ मध्ये हा विचार मांडला होता, 'रेन्ट-सीकिंग' हे नाव दिले अर्थशास्त्रज्ञ ॲन क्रूगर यांनी १९७४ च्या लेखात. त्यांनी उदाहरणे घेतली ती भारताची आणि तुर्कस्तानची. १९६४ साली भारतात अशी वरकड रक्कम राष्ट्रीय उत्पन्नाच्या ७.३ टक्के होती, असा त्यांचा अंदाज. विषय आपल्याच घरचा आहे, त्याला आपल्या भाषेत धड नाव नसावे हे मला पटत नाही.

क्रमिक पुस्तकांत रेन्टला 'खंड' म्हणतात. 'खंड, वेतन, व्याज, नफा' सगळ्यांना पाठ असेल. त्यावरून मी 'खंडशोध' केले. वर्गातल्या एका मुलीने विचारले, "मॅडम, यात कोलंबस येतो का?" तिचा प्रश्न अगदी मनापासून होता. शहरात वाढलेल्या मुलांना खंड म्हणजे आशिया-आफ्रिका, नाहीतर ग्रंथाचे भाग. 'भाडेशोध' म्हणावे तर खोली बघायला निघाल्यासारखे वाटते. सुचवा.

मुळाक्षर
'शोध' हाच शब्द चुकला आहे. इथे कुणी काही शोधत नाही, मिळवू पाहतो. 'खंडलिप्सा' म्हणा. लिप्सा म्हणजे मिळवण्याची इच्छा, आणि समासही शुद्ध होतो. मुलांना खंड माहीत नसेल तर शिकवावा. परिभाषा शिकण्यासाठीच तर वर्गात बसायचे. रसायनशास्त्रातला 'क्षार' कुणी घरून शिकून येत नाही.

तिसरा मजला
मुळाक्षर, लिप्सा शब्द परीक्षेत लिहिताना मुलांची दमछाक होईल. ताई, साधे 'भाडे' घ्या. कायद्यातसुद्धा भाडेच आहे, 'महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९'. गिरगावातल्या चाळीत जन्म गेला, तिथे खंड हा शब्द एकदाही कानावर आला नाही.

पाणंद
तुमच्या कानावर आला नाही म्हणून तो पुस्तकी ठरत नाही. गावाकडचा सातबारा काढून बघा. उजव्या बाजूला 'कुळाचे नाव, खंड व इतर अधिकार' असा रकाना असतो. दुसऱ्याची जमीन कसायला घेतली आणि त्याबद्दल ठरलेली रक्कम किंवा ठरलेले धान्य मालकाला दिले, की तो खंड. पीक बुडाले तरी द्यावा लागतो. पिकातला हिस्सा द्यायचा असेल तर त्याला आम्ही वाट्याने किंवा बटईने म्हणतो, खंडाने नाही. घराला भाडे, बैलगाडीला भाडे, जमिनीला खंड. पुस्तक लिहिणाऱ्यांनी शब्द शिवारातून उचलला, आणि अगदी योग्य उचलला, कारण इंग्रज अर्थशास्त्रज्ञ रिकार्डोचा खंडाचा सिद्धान्त जमिनीचाच आहे.

वऱ्हाडझाडी
पाणंददादा, शिवार तुमच्याकडचं. आमच्याकडे अमरावती-यवतमाळला जमीन मक्त्याने करतात, कुठे ठेक्याने. रोख पैसे ठरतात, पाडव्याच्या सुमाराला निम्मे आगाऊ. 'यंदा पाच एकर मक्त्यानं केली' हे रोजचं वाक्य आहे. खंड मी पहिल्यांदा बारावीच्या पुस्तकात वाचला. आणि त्याच पुस्तकात पुढे 'मक्तेदारी' आली ती बाजारात एकच विक्रेता असण्याला! आमच्या वर्गात निम्म्या पोरांनी मक्तेदार म्हणजे दुसऱ्याची शेती करणारा असं धरलं होतं. तो तर बिचारा सगळ्यात कमजोर माणूस. एकाच शब्दाची दोन टोकं झाली आणि सरांनी ती कधी जुळवून दाखवली नाहीत.

लेखणी
हे फार उपयोगी आहे, टिपणात घेईन. मक्ता म्हणजे मुळात ठरावीक रक्कम देऊन मिळवलेला एकट्याचा हक्क ना? जकातीचा मक्ता, दारूचा मक्ता, नाक्याचा मक्ता. तो ज्याच्याकडे त्याला स्पर्धक नाही, म्हणून मक्तेदारी. शेतीत हक्क एका तुकड्यापुरता, म्हणून तिथे जोर उरत नाही.

सीमेवरचा
बेळगाव भागातून. आमचे कन्नड शेजारी 'गेणी' म्हणतात, कसणारा तो गेणीदार. गुजरातीत 'गणोत', कुळकायद्याला गणोतधारो. हिंदीत 'लगान'. प्रत्येक भाषेने जमिनीच्या मोबदल्याला वेगळा शब्द ठेवला आहे. इंग्रजीने मात्र घर, जमीन आणि रिकार्डो सगळे एकाच पिशवीत भरले. मुलांचा घोळ तिथून सुरू होतो, मराठीचा त्यात दोष नाही.

मुळाक्षर
अगदी बरोबर. म्हणून खंड सोडू नये. मक्ता मुळात अरबी. शिवाजी महाराजांनी फारसी-अरबी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा राज्यव्यवहारकोश करवून घेतला तो काय उगीच? आपला शब्द हाताशी असताना परका कशाला?

वऱ्हाडझाडी
परका कोणाला? माझ्या आजीला लिहिता येत नव्हतं, तिला मक्ता येत होता. आणि राज्यव्यवहारकोश होऊनही जमा, खर्च, वसूल, बाकी सगळे जागेवर आहेत. तुम्ही अर्थशास्त्रातून 'नफा' आणि 'किंमत' काढून दाखवा, दोन्ही अरबी. मग मक्त्याचं बघू.

मुळाक्षर
'लाभ' आणि 'मूल्य' आहेत की.

पाणंद
मूल्य आणि किंमत अर्थशास्त्रात एक नव्हेत, मुळाक्षर. पाण्याला उपयोगितेचे मूल्य प्रचंड, किंमत नगण्य. हा फरक शिकवायला दोन शब्द लागतात. एक संस्कृतातून, एक अरबीतून आला म्हणूनच आपल्याकडे तो इतका स्वच्छ सांगता येतो.

आगरवाट
मक्ता-खंड वादात थोडी भर. मक्ता ज्या अरबी धातूवरून आला त्याचा अर्थ 'तोडणे, कापणे'. गझलेचा शेवटचा शेर मक्ता, तोही तिथूनच. आणि खंड म्हणजे संस्कृतात तुकडा, तोडलेला भाग. दोन्ही भाषांनी 'एकदाच तोडून ठरवलेली रक्कम' ही कल्पना तोडण्यावरूनच घेतली, असे मला वाटते. आपण आजही 'भाव तोडला' म्हणतो. खंडणीही त्यातलीच असणार.

आमच्या अलिबागकडे मात्र हा शब्द इतका थंड डोक्याने कुणी उच्चारत नाही. १९३३ मध्ये चरी गावच्या शेतकऱ्यांनी खोतांविरुद्ध, म्हणजे कुळांकडून खंड वसूल करणाऱ्या जमीनदारांविरुद्ध, संप केला, तो १९३९ पर्यंत चालला. नारायण नागू पाटील पुढे होते. शेते पडीक ठेवली, लोकांनी लाकडे विकून दिवस काढले, पण खोताला भाताचा दाणा दिला नाही. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ मध्ये मुंबई कायदेमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक आणले. 'भूमीचा मोबदला म्हणजे खंड' असे एका ओळीत शिकवतात तेव्हा तो मोबदला कोण कुणाला आणि का देत होता, हे गळून जाते.

तिसरा मजला
हे पटले. पण यावरून तर खंड हा जुना, संपलेला शब्द ठरतो ना? कुळे मालक झाली. आता मुलांनी तो का वाहावा?

पाणंद
संपला नाही, बोलण्यातून लपला. कुळकायदा १९४८ चा. त्यातल्या दुरुस्तीनंतर १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन धरला आणि कसणारे कूळ मालक मानले गेले. तेव्हापासून गावात धास्ती बसली की जमीन दुसऱ्याला दिली तर 'कूळ लागेल'. म्हणून व्यवहार तोंडी झाले. आजही जमिनी खंडाने जातात, पण कागद होत नाही, पीकपाण्याला मालकाचे नाव लागते. सातबाऱ्यावर रकाना आहे, त्यात लिहिलेले काही नाही. कसणाऱ्याला त्यामुळे पीककर्ज मिळत नाही, गारपिटीची भरपाई मालकाच्या खात्यात जाते. शहरातल्या मुलांना शब्द माहीत नाही यामागे हे कारण आहे, अशी माझी समजूत.

आणि रिकार्डो आपल्याकडे पुस्तकातून आला असे समजू नका. त्याचा ग्रंथ १८१७ चा. पुढच्या दहा-बारा वर्षांत तो पुणे जिल्ह्याच्या शेतांत पोहोचला. प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्याने १८२४ ते १८२८ मध्ये इथल्या जमिनी मोजल्या. प्रत्येक प्रतीच्या जमिनीचे एकूण पीक किती, कसण्याचा खर्च किती, तो वजा जाता निव्वळ किती, असा हिशेब मांडला आणि निव्वळाच्या ५५ टक्के सारा ठरवला. रिकार्डोचा खंड तोच, खर्च भागून उरलेले. कागदावर बिनचूक. पण पिकाचे आकडे फुगलेले निघाले, धान्याचे भाव पडले, सारा डोईजड झाला आणि लोक जमिनी टाकून निघून गेले. मग १८३५-३६ च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापूर तालुक्यात नव्याने पाहणी केली, निव्वळ उत्पन्नाचा हिशेब बाजूला ठेवला आणि मातीची प्रत आण्यांत लावून सारा बसवला, तोही तीस वर्षांसाठी. आमच्या भागात शिक्षकांनी खंडाचा सिद्धान्त शिकवताना इंग्लंडच्या गव्हाचे उदाहरण देण्याचे काहीच कारण नाही.

लेखणी
पाणंद, प्रिंगलचे उदाहरण टिपणात नक्की घालते. पण माझ्या प्रश्नाकडे येऊ या का? क्रूगर यांच्या लेखात जमीन कुठेच नाही. तिथे रेन्ट म्हणजे एखादी गोष्ट त्या कामात टिकून राहायला जेवढे द्यावे लागते त्याच्यावर मिळणारी जादा रक्कम. गायकाला दुसऱ्या नोकरीत महिना वीस हजार मिळाले असते आणि गाऊन दोन लाख मिळतात, तर मधले एक लाख ऐंशी हजार हा खंड. 'आर्थिक खंड' म्हणतात तो हाच. यात तो गायक कुणाला लुबाडत नाही. म्हणजे 'खंडखोरी' म्हणायचे तर खंड स्वतः वाईट नाही, तो मिळवण्यासाठी नियम वाकवणे वाईट, हेही शब्दातून कळले पाहिजे.

तिसरा मजला
खंडखोरी चांगला आहे! नफेखोरी, साठेबाजी यांच्या पंगतीत बसतो. नफाही वाईट नाही, नफेखोरी वाईट. फरक मुलांना आपोआप कळेल.

पागडीचे उदाहरणही घ्या. १९४७ च्या कायद्याने मुंबईत भाडी १९४० च्या पातळीवर गोठवली. खोलीची खरी किंमत वाढत गेली, भाडे तेवढेच. मधला फरक पागडी, म्हणजे खोली घेताना भाड्याशिवाय द्यायची एकरकमी रक्कम, होऊन बाहेर पडला, आणि १९९९ च्या कायद्याने तिला मान्यता दिली. स्कूटरचेही तसेच होते. नंबर लागायला वर्षे जायची, म्हणून नंबर लागलेला माणूस गाडी 'ऑन'मध्ये, म्हणजे किमतीवर जादा पैसे घेऊन, विकायचा. हा 'ऑन' म्हणजेच तुमचा आर्थिक खंड. बाजारात रोज वापरला जाणारा, दोन अक्षरी शब्द.

मुळाक्षर
'ऑन' मराठी नाही.

वऱ्हाडझाडी
'मक्ता' नाही, 'ऑन' नाही. मग दुकानात तुम्ही काय बोलता?

मुळाक्षर
दुकानात काय बोलतो हा प्रश्न नाही. ज्ञानाची भाषा घडवावी लागते. आपण घडवली नाही तर दहा वर्षांनी टिपणेच इंग्रजीत होतील, मग शिवारातले आणि दुकानातले दोन्ही शब्द जातील. मला त्याची खरी चिंता वाटते, म्हणून भांडतो.

आगरवाट
चिंता सगळ्यांचीच ती आहे. फक्त 'परवानाखोरी' का नको, हे कुणी सांगेल का?

लेखणी
क्रूगर यांच्या उदाहरणांना तो बसतो. पण आयात कर वाढवून घेण्यासाठी उद्योगांनी दिल्लीत दबाव आणणे हेही त्यातच मोडते, तिथे परवाना नसतो. अर्थशास्त्रज्ञ जगदीश भगवती यांनी यासाठी वेगळे, आणखी लांब नाव दिले होते. त्याचा अर्थ 'थेट अनुत्पादक नफा मिळवण्याची खटपट' असा होतो. 'खटपट' मला आवडतो आहे. 'खंडासाठी खटपट'?

सीमेवरचा
वाक्यात चालेल, मथळ्याला नाही. पाणंद, एक विचारायचे राहिले. तुम्ही म्हणालात पीक बुडाले तरी खंड द्यावा लागतो. आमच्याकडे दुष्काळात गेणी निम्मी करायची रीत होती, ऐकीव नाही, आमच्या घरात झालेली आहे. तुमच्याकडे सूट नाहीच?

पाणंद
मालकावर आहे. रोख खंड असेल तर सहसा नाही, धान्याचा असेल तर ऐकतात. पण मग तो खंड राहिला की वाटा झाला, यावरच आमच्याकडे बांधाबांधावर भांडणे होतात. धान्याच्या ठरीव खंडाला तुमच्याकडे वेगळा शब्द आहे का?

वऱ्हाडझाडी
आमच्याकडे तरी नाही. धान्यावर दिली की सरळ बटई म्हणतात, ठरीव असो की हिस्सा.

पाणंद
ठरीव असेल तर ती बटई कशी? बटई म्हणजे वाटणी.