प्रति: चीफ आणि आर्बिटरची मैत्री
‘दोघं एकमेकांशी धड बोलतसुद्धा नाहीत, मग मैत्री कुठली?’ हे ‘हेलो’ या व्हिडिओ गेममधल्या चीफ (नायक, माणसांच्या बाजूचा सैनिक) आणि आर्बिटर (परग्रहवासी योद्धा) यांच्याबद्दलचं वरचं म्हणणं काही पटलं नाही. ‘हेलो ३’च्या (२००७) सुरुवातीला जंगलात चीफ थेट आर्बिटरच्या जबड्याला पिस्तूल लावतो, चीफचा साथीदार सार्जंट जॉन्सन मध्ये पडतो म्हणून निभावतं. तेव्हा आर्बिटर ‘इतकं सोपं असतं तर’ अशा अर्थाचं काहीतरी पुटपुटतो. गेमच्या शेवटी चीफ गेला यावर विश्वास बसत नाही, असं माणसांचा सेनानी हूड म्हणतो, तेव्हाही आर्बिटरच्या तोंडी तेच शब्द. अजून किती बोलायला हवं?

शिवाय एक गोष्ट इथे कुणीच काढली नाही. दोन खेळाडूंनी मिळून गेममधली मोहीम खेळली की दुसऱ्या खेळाडूला आर्बिटरच मिळतो. आमच्याकडे तो धाकट्या भावाचा. तलवार हाती लागली की पठ्ठ्या पुढे घुसायचा, मी मागून ग्रेनेड टाकायचो, आणि बोलणं म्हणजे फक्त ‘अरे, बाजूला हो!’