नववीच्या मुलांना ग्राफिक डिझाइन शिकवायचंय, कोणते प्रकल्प घ्यावेत?

कलाशिक्षक_चोपडा

नमस्कार मंडळी. अनुदानित शाळा, नववीचे 36 विद्यार्थी, संगणक कक्षात चालू असलेली 12 यंत्रं, 4 जीबी रॅम. पेन टॅबलेट एकही नाही. आठवड्याला 35 मिनिटांच्या दोन तासिका. बरीच मुलं एलिमेंटरीला बसलेली आहेत, कागदावर हात चांगला चालतो, पण माऊस हातात आला की रेघ थरथरते. एकेक मेनू उघडून दाखवत बसायचं नाही. मुलांनी काहीतरी पूर्ण करावं आणि ते छापून हातात यावं, असे प्रकल्प हवेत. सॉफ्टवेअर फुकटातलं पाहिजे. फोनवरच्या तयार साच्यांच्या ॲपवर भागेल का?

रेघोटी_धुळे

सर, साच्यांवर नाही भागणार. पोस्टर एका तासिकेत होतं खरं, पण त्यात मुलाचं काय? नाव आणि फोटो. अंतर, आकार, रंग सगळं दुसऱ्यानं ठरवलेलं.

इंकस्केप घ्या, चित्रं आखायचं फुकट सॉफ्टवेअर. 4 जीबीवर चालतं, आणि माऊसनं रेघ ओढावी लागत नाही, बिंदू ठेवावे लागतात. म्हणजे थरथरीचा प्रश्नच मिटला. हातानं रंगवायचं क्रिटा छान आहे, पण टॅबलेट नसताना त्याचा निम्मा उपयोग वाया जातो.

पहिला प्रकल्प केळीच्या वेफर्सचं लेबल. माप 90 × 60 मिमी, रंग दोनच, फाँट एकच. रंग मोजून दिले की मुलं विचार करायला लागतात; मोकळं सोडलं की इंद्रधनुष्य काढतात.

आधी संगणक बंद. चित्रकलेच्या वहीत 6 × 4 सेंमीचे सहा चौकोन आखून सहा वेगळ्या मांडण्या. माप मुद्दाम तेच प्रमाण धरून दिलंय. तिसऱ्या चौकोनापर्यंत सगळ्यांचं सारखंच येतं, मधोमध केळं आणि वर नाव. खरं डोकं चौथ्यापासून चालतं, म्हणून सहाचा आग्रह सोडू नका.

मग केळीच्या फणीचा फोटो मुलांनीच काढायचा, नेटवरून उतरवायचा नाही. तो खालच्या लेयरवर (थरावर) ठेवून पारदर्शकता 40 टक्के करा आणि लेयरला कुलूप लावा, नाहीतर दर दोन मिनिटांनी फोटोच सरकतो. वरच्या लेयरवर पेन टूल (कीबोर्डवर बी). एक केळं सहा बिंदूंत बसतं: दोन टोकांना दोन-दोन, बाहेरच्या आणि आतल्या वळणाच्या पोटात एकेक. मुलं चाळीस ठेवतात आणि कडा खडबडीत का दिसते म्हणून विचारतात. बिंदू फक्त वळण बदलतं तिथे, बाकीचं काम नोड टूलनं (एन) बिंदूंना जोडलेल्या दांड्या ओढून.

फोटोवरून आपोआप रेघा काढणारी ट्रेस बिटमॅपची सोय पहिले दोन महिने बंद ठेवा. मूल काही शिकत नाही, शिवाय हजारो बिंदू तयार होऊन 4 जीबीचं यंत्र तिथेच बसतं.

आणखी एक. चित्र लहानमोठं केलं की रेघेची जाडी कधी बदलते, कधी तशीच राहते. ते वरच्या पट्टीतल्या एका बटणावर अवलंबून असतं. शेवटी 'स्ट्रोक टू पाथ' केलं, म्हणजे रेघेचाच आकार करून टाकला, की भानगड राहत नाही.

छपाई_भुसावळ

वरच्या भाऊंनी 90 × 60 चं माप बरोबर धरलंय. चारी बाजूंनी 3 मिमी ब्लीड (कापाच्या रेषेबाहेर वाढवलेली छपाई) धरला की 96 × 66 होतं, म्हणजे ए-फोरवर आठ लेबलं बसतात. कोणी 100 × 70 घेतलं तर ब्लीडसकट दोन शेजारी-शेजारी 212 मिमी होतात आणि कागद 210 चा आहे! हे गणित मुलांनाच करायला लावा. मजकूर मात्र कापाच्या रेषेपासून 3 ते 4 मिमी आत, कटर थोडा इकडे-तिकडे होतोच.

शाळांकडून येणाऱ्या फायलींत नेहमीच्या अडचणी सांगतो.

इंकस्केपमधून पीएनजी काढताना आकडा 96 डीपीआयवर (एका इंचात 96 ठिपके) असतो. त्यावर 90 मिमीचं लेबल जेमतेम 340 पिक्सेल रुंद होतं. 300 करा, 1063 होतं. फ्लेक्सला एवढं लागत नाही, लांबून बघतात. 6 × 3 फुटाला 100 डीपीआय म्हणजे 7200 × 3600 पुरे. सहा फुटाचं 300 नं काढलं तर तुमचं यंत्रही रडेल, आमचंही.

व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवू नका, दाबून लहान होतो. डॉक्युमेंट म्हणून पाठवा, शक्यतो पीडीएफ. फायलीचं नाव इंग्रजी अक्षरांत ठेवा, जुन्या यंत्रांवर देवनागरी नावाचे चौकोन होतात.

रंग. स्क्रीनवर झगझगणारा पोपटी आणि जांभळा कागदावर मळकट उतरतो, कारण स्क्रीन उजेडानं रंग दाखवते आणि छपाई शाईनं. केळ्याच्या पिवळ्याला मजेंटा (गुलाबी शाई) 15 टक्के, पिवळा 100 टक्के चालतो. सियानचा (निळ्या शाईचा) थेंबही आला की हिरवट पडतो. बारीक अक्षरं निव्वळ काळ्या शाईत, के 100. चार शाया मिसळून केलेला काळा जरा सरकला की अक्षराला रंगीत कडा दिसते. इंकस्केप आरजीबीतच (स्क्रीनच्या रंगांतच) काम करतं, तेव्हा काटेकोर सीएमवायके (छपाईच्या चार शाया) पाहिजे असेल तर फाईल स्क्राइबस या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये नेऊन तिथून पीडीएफ काढा. तेही फुकटच.

हाच प्रकल्प कापडी पिशवीवर स्क्रीन प्रिंटिंगनं केला तर खर्च रंगामागे वाढतो, प्रत्येक रंगाला वेगळी स्क्रीन (छपाईची जाळी) लागते. तिथे 1 मिमीपेक्षा बारीक रेघ ठेवू नका. आणि पिवळा काळ्या रेघेच्या खाली थोडा घुसू द्या, नाहीतर मधे पांढरी फट राहते.

अक्षरवेडी

अक्षरांबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहिते. मराठी लेबल बिघडतं ते बहुतेक तिथेच.

जुन्या डीटीपी फाँटमध्ये, म्हणजे श्रीलिपी वगैरेंच्या जुन्या पद्धतीनं टाइप केलेला मजकूर दुसऱ्या यंत्रावर वाचताच येत नाही. कुठल्याही यंत्रावर वाचता येणारं युनिकोडच वापरा. मुक्ता, बलू, मोदक हे 'एक टाइप' संस्थेचे फाँट फुकट आहेत. मोदक खूप जाड आहे, दोन-तीन शब्दांच्या नावापुरता ठीक. त्यात घटक पदार्थ लिहिले तर कुणाला वाचता येणार नाहीत.

फाँट निवडण्याआधी "शेतकऱ्यांच्या कष्टाळू हातांचं फळ" एवढं टाइप करून बघायचं. ऱ्य नीट जुळतो का, ळ कसा दिसतो, श मराठी वळणाचा आहे की हिंदी, सगळं एका ओळीत कळतं.

इंग्रजी पोस्टर बघून मुलं अक्षरांतलं अंतर वाढवतात. देवनागरीत शिरोरेषा तुटते. शब्द मोठा दिसायला हवा असेल तर आकार वाढवा, अंतर शून्यच ठेवा. ओळींतलं अंतर 1.3 च्या खाली नको, वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीवर बसतो. लेबलवरची सगळ्यात बारीक अक्षरं 7 पॉइंटच्या खाली नेऊ नका.

छापायला देताना मजकूर पाथमध्ये (नुसत्या आकारांत) बदला, पण मूळ फाईल वेगळी ठेवा. पाथ झाल्यावर ऱ्हस्व-दीर्घ सुधारता येत नाही, आणि चूक नेमकी तेव्हाच दिसते.

दोन गोष्टी मुलांना आवर्जून सांगा. जळगावच्या केळीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय, म्हणून मुलं हौसेनं ते चिन्ह लेबलवर लावतील. ते नोंदणी केलेल्यांनाच वापरता येतं. आणि अन्न परवान्याचा 14 अंकी क्रमांक कुणाच्या पाकिटावरून उतरवू नये, तिथे 14 शून्य लिहावीत. शाकाहाराचा हिरवा ठिपका, वजन, किंमत यांना मात्र जागा हवीच. खरी कसोटी ती जागा काढण्यातच असते.

कलाशिक्षक_चोपडा

फार उपयोगाचं आहे, धन्यवाद. दोन शंका. एका यंत्रावर तिघं बसवायचे कसे? आणि वीज मधेच गेली तर?

रेघोटी_धुळे

तिघांत एक माऊसवर, दुसरा वहीतली मांडणी समोर धरून सांगणारा, तिसरा मजकूर आणि मापं तपासणारा. दर दहा मिनिटांनी जागा बदलायच्या, घड्याळ लावून. नाहीतर ज्याच्या घरी संगणक आहे तोच पूर्ण तासिका माऊस धरून बसतो.

विजेसाठी प्रेफरन्सेसमध्ये ऑटोसेव्ह 10 मिनिटांवर असतं, ते 3 वर आणा. फाईल सेव्ह करताना नावापुढे 1, 2, 3 लावायची सवय लावा, बिघडलेल्या फायलीवर तीच पुन्हा सेव्ह होणार नाही.

गुण देताना स्क्रीनवर बघू नका. शाळेच्या काळ्या-पांढऱ्या प्रिंटरवर खऱ्या मापात काढा, कापा, फळ्याला चिकटवा आणि तीन फुटांवरून वाचा. नाव वाचता आलं नाही तर रंग वेगळे असूनही त्यांची गडदता सारखी आहे, म्हणजे पिवळ्यावर पांढरं वगैरे. यात रंगीत शाईचा खर्चही वाचतो.

दुसऱ्या सत्रात आखाजीचं (अक्षय्य तृतीयेचं) भेटकार्ड घ्या, मजकूर अहिराणीत आणि मुलांनी घरी विचारून आणलेला. नंदुरबारकडच्या शाळांनी केळ्याऐवजी लाल मिरचीच्या पुडीचं लेबल घेतलं तरी चालेल. मिरची तर केळ्याहून सोपी, चार बिंदूंत होते. देठ तेवढा वेगळा काढावा लागतो.