१६ पानी कॉमिक: मागची बाजू उलटी, मधली पानं बाहेर, घडीवर भेगा

रेघोट्या:
आतली १६ पानं, वेगळं जाड मुखपृष्ठ, आकार ए५. ए४ कागदावर दोन्ही बाजूंनी लेझर प्रिंट काढून मधोमध घडी घालायची आहे. चाचणी प्रतीत मागची बाजू डोक्यावर उभी छापली गेली. घडी घातल्यावर मधली पानं बाहेर डोकावतात. मुखपृष्ठावरच्या काळ्या रंगाला घडीवर पांढऱ्या भेगा पडतात. आणि साधा स्टेपलर घडीपर्यंत पोचतच नाही! ४० प्रती काढायच्या आहेत.

घडीमोड:
आधी पानांची जुळणी तपासा. एका बाजूला शेजारी-शेजारी येणाऱ्या दोन पानांची बेरीज इथे कायम १७ व्हायला हवी. सम पान डावीकडे, विषम उजवीकडे.

पहिला कागद: १६-१, मागे २-१५
दुसरा: १४-३, मागे ४-१३
तिसरा: १२-५, मागे ६-११
चौथा: १०-७, मागे ८-९

मागची बाजू उलटी येते कारण कागद आडवा आहे आणि प्रिंटर तो लांब बाजूवर पलटतोय. सेटिंगमध्ये आखूड बाजूवर पलटायचा पर्याय निवडा. 'फिट टू पेज' बंद करून १०० टक्के ठेवा, नाहीतर चित्र लहान होऊन समास बदलतात. बहुतेक प्रिंटर कडेचे ४-५ मिमी छापतच नाहीत, तेव्हा कडेपर्यंत भिडणारी चित्रं हवी असतील तर छापून नंतर कापावं लागेल. आणि ४० प्रतींचं बटण दाबण्याआधी एक प्रत पूर्ण बांधून पाहा, नुसती स्क्रीनवर नको.

टोनरकाका:
भेगांबद्दल. टोनर, म्हणजे लेझर प्रिंटरची रंगाची भुकटी, शाईसारखा कागदात मुरत नाही, वितळून वर चिकटतो. घडी पडली की तो थर तडकतो. त्यात ए४ कागदाचे तंतू बहुधा लांब बाजूला समांतर असतात आणि तुमची घडी त्यांना आडवी जाते, म्हणून जाड कागद जास्तच फाटल्यासारखा दिसतो. तंतूंची दिशा ओळखायला कागद दोन्ही दिशांनी हलकेच वाकवा. जिकडे कमी जोर लागतो तिकडे घडी सरळ बसते.

उपाय: १६०-२०० जीएसएमच्या (दर चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) मुखपृष्ठावर घडी घालण्याआधी स्टीलची पट्टी धरून शाई संपलेल्या बॉलपेनने खाच ओढा. तरीही भरीव काळा असेल तर थोडं तडकणारच. चित्र काढतानाच घडीच्या दोन्ही बाजूंना २-३ मिमी पट्टी कोरी सोडणं हा खरा इलाज.

सुईदोरा:
स्टेपलरची खालची पट्टी पूर्ण उघडून बाजूला फिरवा. सगळे कागद उघडे करून, मुखपृष्ठ वर ठेवून, जाड पुठ्ठ्यावर पसरा. घडीच्या रेघेवर, वरून आणि खालून साधारण ५ सेंमीवर एकेक पिन दाबा. कागद हळूच उचला, पिनेचे पाय आतल्या बाजूने स्टीलच्या पट्टीने दाबून वाकवा. पिन रेघेपासून १ मिमी सरकली तरी पुस्तक वाकडं बसतं, म्हणून आधी टाचणीने भोकं पाडून घ्या. ४० प्रतींसाठी लांब हाताचा स्टेपलर कुणाकडून मिळाला तर वेळ वाचेल.

पानं बाहेर येणं हा दोष नाही, जाडीचा परिणाम आहे. ८० जीएसएमचा कागद अंदाजे ०.१ मिमी जाड. प्रत्येक आतला कागद बाहेरच्यापेक्षा थोडा पुढे सरकतो. पिना मारून झाल्यावर पुढची कड २-३ मिमी कापा. कापताना स्टीलची पट्टी राखायच्या भागावर ठेवा, म्हणजे कटर घसरला तरी टाकाऊ भागात जाईल. एका झटक्यात कापू नका, हलक्या हाताने पाच-सहा वेळा फिरवा. पातं कललं तर खालची पानं वरच्यापेक्षा कमी-जास्त रुंद होतात.

रेघोट्या:
आभारी आहे. ४-५ वर सलग मोठं चित्र घेतलंय, ते जुळेल का?

घडीमोड:
४ आणि ५ दोन वेगळ्या कागदांवर आहेत. प्रिंटर दर वेळी १-२ मिमी सरकतो, त्यामुळे सांध्यावर रेषा तुटलेली दिसेल. १६ पानांत एका कागदावर सलग येणारी जोडी फक्त ८-९. कथा तशी वळवता येत नसेल तर ४-५ वर चेहरा किंवा संवादाचा फुगा सांध्यावर आणू नका. आभाळ, भिंत असलं काही येऊ द्या. ८-९ लासुद्धा मधे पिना दिसतात, तेवढं ध्यानात ठेवा.